कळवळा आणि कल्पकता
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





कार्यवाहांनी मला विषय दिला तो 'समाजसेवा'. या विषयावर तुम्ही आजवर इतकी भाषणे ऐकली आहेत की माझे नाव पुकारले जाताच मागच्या रांगेतल्या मुलांनी घड्याळाकडे पाहिले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या वयात मीही तेच करीत असे. तेव्हा समाजसेवेची व्याख्या वगैरे बाजूला ठेवून मी आज एका मुलाविषयी, एका पायाविषयी आणि तांब्याभर पाण्याविषयी बोलणार आहे.

आधी मुलाविषयी.

१९७२ सालची गोष्ट. दुष्काळाचे वर्ष. मी आठवीत होतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही पाय वाळलेले. हिशेबात मात्र सर्वांच्या पुढे. आमचा वर्ग माडीवर भरत असे आणि जिना चांगला उभा होता. रोज सकाळी मी आणि माझा एक मित्र त्याला पाठीवर घेऊन वर नेत असू आणि शाळा सुटली की खाली आणीत असू. एकदा प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर आमचे कौतुक झाले. आम्हांला एकेक वही बक्षीस मिळाली. ती वही मी कितीतरी दिवस वापरली नाही, नुसतीच दप्तरात मिरवीत होतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आलाच नाही. त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, असे वर्गात सांगण्यात आले. आमच्या शाळेत एक वयस्क शिपाई होते, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. घंटेचा टोला टाकता टाकता ते सहज बोलून गेले, "आठवीचा वर्ग खाली आणायचा होता आणि पाचवीची पोरं वर पाठवायची होती. त्यांचे पाय तर चांगले होते ना!"

पुढच्या जूनमध्ये तसे केलेही. बाके इकडून तिकडे नेण्यास एक दुपार पुरली. पण तो मुलगा परत आला नाही. तोपर्यंत मामाच्या दुकानात स्टोव्ह दुरुस्त करावयास बसला होता.

बारा वर्षांनी, १९८४ साली, मी त्याला भेटलो. दुकान आता त्याचे स्वतःचे होते. छोटेसेच, पण असे मांडलेले की मी पाहातच राहिलो. प्रत्येक हत्यार सुतळीने छताला टांगलेले, बसल्या जागी हात वर केला की हवे ते हातात येई. चहा झाला. मी धीर करून विचारले, शाळा का सोडलीस? तो म्हणाला, "तुम्ही मला वर नेत होतात. पण लघवीची जागा खाली होती. दर वेळी कोणाला उचल म्हणून सांगू? मी सकाळपासून पाणीच पीत नव्हतो. उन्हाळ्यात डोके गरगरायचे. मग घरीच बसलो."

पाच महिने मी त्याला रोज पाठीवर घेत होतो. तो पाणी पीत नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी त्याला कधी विचारलेच नव्हते. आमच्या मनात दया नव्हती असे नाही. दया भरपूर होती, बक्षीस मिळण्याइतकी होती. शाळेचे नाव सांगत नाही. त्या काळी कोणत्याही शाळेत असेच झाले असते आणि आजही काही ठिकाणी होत असेल.

त्या चहानंतर मला एक खोड लागली. लोकांच्या अडचणी ज्यांनी खरोखर हलक्या केल्या त्यांनी नेमके काय केले, हे मी शोधून वाचू लागलो. त्यांतल्या दोन हकीकती आज तुमच्यासाठी आणल्या आहेत.

पहिली जयपूरची. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. अपघातात किंवा आजारात पाय गमावलेल्या माणसांना ते कृत्रिम पाय बसवून देत. पाय परदेशी नमुन्याचा, दिसावयास उत्तम. पण काही दिवसांनी तीच माणसे पुन्हा कुबड्या घेऊन रस्त्यावर दिसत. पाय घरी कोपऱ्यात पडलेला. आता डॉक्टर असे म्हणू शकले असते की हे लोक अडाणी आहेत, यांना चांगल्या वस्तूची किंमत नाही. असे म्हणणारे आपल्याला रोज भेटतात. सेठींनी तसे म्हटले नाही. या माणसाचा दिवस कसा जातो, इकडे त्यांनी लक्ष दिले.

तो परदेशी पाय बुटात घालून वापरावयाचा होता. ज्या देशात माणूस सकाळी बूट चढवतो, खुर्चीवर बसून जेवतो आणि रात्री बूट काढतो, त्या देशासाठी तो बनविलेला. आपल्याकडचा शेतकरी चिखलात अनवाणी उतरतो. आपण जमिनीवर मांडी घालून जेवतो. शौचाला उकिडवे बसावे लागते. मशिदीत जा, मंदिरात जा, कोणाच्या स्वयंपाकघरात जा, पादत्राणे बाहेर राहतात. नमाजला बसावयाचे तर घोट्यात पाय वाकला पाहिजे. त्या ताठ पायाला यातले काहीच जमत नव्हते. पाय होता, पण त्या पायाने त्या माणसाला त्याचे आयुष्य जगता येत नव्हते.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सर्वजण त्यांना मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण बेताचेच. कारागिरी मात्र घराण्यात चालत आलेली. रुग्णांना हस्तकला शिकविणे हे त्यांचे काम. पाय नसलेली माणसे ते रोज पाहात होते आणि नवीन पाय कसा असावा याचा विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. असे सांगतात की एकदा त्यांच्या सायकलचे चाक पंक्चर झाले. दुकानात उभे असता टायरवर रबर तापवून चढविण्याचे काम त्यांनी पाहिले आणि त्यांना वाटले, पायही असाच रबराचा का होऊ नये? गोष्टीत थोडे तिखटमीठ असेल. पण पुढचे खरे आहे. रबर तापवून घट्ट करण्याची तीच रीत वापरून, आत स्पंजासारखे रबर आणि लाकूड घालून, वरून कातडीच्या रंगाचे रबर चढवून, बोटांसकट एक पाय १९६८ च्या सुमारास तयार झाला. पहिल्याच खेपेस साधले असे नाही. कधी जड होई, कधी फाटे. मास्टरजी पुन्हा बनवीत, डॉक्टर पुन्हा माणसाच्या पायाला लावून पाहात. शरीराची माहिती एकाकडे, रबर आणि लाकडाची दुसऱ्याकडे. अखेर असा पाय झाला की तो घालून माणूस चिखलात उतरला, उकिडवा बसला, झाडावरही चढला. बुटाची गरजच उरली नाही.

या पायाचे पेटंट घेतले गेले नाही. १९७५ साली जयपुरातच भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि हे पाय विनामूल्य बसवून देण्याचे काम मोठ्या प्रमाणात सुरू झाले. पुढे अफगाणिस्तानात सुरुंगांनी पाय गेलेल्या माणसांपर्यंतही तो पोहोचला. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांचे नाव पालकांना आठवत असेल. १९८१ साली तामिळनाडूत बसला अपघात होऊन त्यांचा पाय गेला. जयपूरचा पाय लावून त्या १९८४ साली पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

१९८१ सालीच डॉ. सेठींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. पण मास्टरजींचे नाव मात्र त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. हे मला खटकते आणि इथे बोलून दाखवितो, कारण या सभागृहात मास्टरजींसारखी माणसे बरीच बसलेली आहेत. त्याकडे पुढे येतो.

आता तांब्याभर पाण्याची हकीकत.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानात लढा पेटला आणि सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. पश्चिम बंगालमध्ये सीमेलगत बनगाव नावाचे गाव आहे. तेथे निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. त्या वेळचा उपचार म्हणजे शिरेतून सलाईन. कलकत्त्याहून तेथे गेलेले डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर प्रश्न असा की खाटा अगदी थोड्या, रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले, सलाईनचा साठा संपत आलेला आणि शिरेत सुई टोचणारे हात त्याहून कमी.

साखर आणि मीठ ठराविक प्रमाणात एकत्र पाण्यातून दिले तर आतडे ते पाणी शोषून घेते, हे प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात तोवर सिद्ध झाले होते. नुसते पाणी जुलाबात टिकत नाही. ग्लुकोजबरोबर मीठ आत जाते आणि मिठापाठोपाठ पाणी. पण हे काम निष्णात डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये अशी तेव्हाची समजूत. महालनबीस यांनी ती बाजूला ठेवली. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा पुड्या कलकत्त्यात बांधून आणविल्या. छावणीत पिंपे भरून ठेवली. आणि पाजण्याचे काम कोणाकडे दिले? रोग्याच्या आईकडे, भावाकडे, नवऱ्याकडे. जो जवळ बसला आहे त्याच्याकडे. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला 'तोंडाने घ्यावयाचे सलाईन' असे नाव दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या घरात होते. हा उपचार मिळालेल्यांत ते शेकडा ३.६ वर आले.

१९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाचे वर्णन त्या शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती असे केले. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ साली मिळाले. इतका उशीर का, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडतो.

या हकीकतीचा दुसरा भाग बांगलादेशातला आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. १९८० साली ब्रॅक या फजले हसन आबेद यांच्या संस्थेने ठरविले की हे पाणी करावयास देशातल्या प्रत्येक आईला शिकवावयाचे. पुड्या घरोघर पोहोचविणे अशक्य. पण मीठ आणि गूळ प्रत्येक झोपडीत असतोच. म्हणून माप ठरले ते हाताचेच: तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. बाया गावोगाव फिरून एकेका आईला तिच्याच भांड्यात ते करावयास लावीत. शिकविणारीला पैसे मिळत ते किती घरे फिरली यावर नव्हे. शिकलेल्या आईला नंतर किती आठवते आणि तिने केलेले पाणी बरोबर उतरते की नाही, यावर. (आपल्या शिक्षकवर्गाने घाबरून जाऊ नये, मी अशी सूचना मांडणार नाही.)

तरी सुरुवातीस आया ते पाणी फारसे वापरीत नव्हत्या. का म्हणून चौकशी केली तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक, शिकविणाऱ्यांचाच त्यावर भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या दुसरेच औषध घेत. मग त्यांना रुग्णालयात नेऊन या पाण्याने माणूस कसा उठून बसतो ते डोळ्यांनी दाखविले. त्यानंतर त्या आईसमोर आधी स्वतः घोट घेऊ लागल्या. दुसरी गोष्ट अशी की घरातल्या पुरुषांना काही सांगितलेच नव्हते. आईने शिकावे आणि बापाने किंवा सासऱ्याने "हे काय पाजतेस?" म्हणून भांडे बाजूला सारावे. मग पुरुषांशी बोलणे सुरू झाले, बाजारात आणि मशिदीतही. १९९० पर्यंत सव्वा कोटीच्या आसपास घरे झाली.

आजच्या आयांसाठी जाता जाता एवढेच: जुलाबावरची पुडी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मिळते, ती उत्तम. ती हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अधिक घालू नका. थोडे थोडे पाजत राहा आणि मूल मलूल झाले तर दवाखाना गाठा. ही गोष्ट बापांनीही पाठ करावी.

पालकहो, आता तुमच्याकडे येतो.

आपल्या समाजात हातांचे काम करणारी घरे किती आहेत, हे मी सांगावयास नको. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग पाहा. गॅरेज, वेल्डिंग, पत्र्याचे काम, शिवणकाम, गाद्या, बेकरी. बाप म्हणतो, मी जन्मभर हात काळे केले, माझ्या मुलाने खुर्चीवर बसावे. यात चूक काहीच नाही, या संस्थेची स्थापना त्याचसाठी झाली. पण मुलगा एखादे दिवशी घड्याळ किंवा शिलाई मशीन उघडून बसला की आपण त्याला मारतो, "अभ्यास कर" म्हणतो. माझे मागणे एवढेच की जयपूरचा पाय नुसत्या डॉक्टरने झाला नाही आणि नुसत्या कारागिरानेही झाला नाही, हे ध्यानात असू द्या. तुमच्या मुलाला दोन्ही मिळू शकते. शाळेतून पदार्थविज्ञान आणि तुमच्याकडून रबर कसे वाकते ते. मास्टरजींना शाळा पुरेशी मिळाली नव्हती, तुमच्या मुलाला मिळते आहे. त्याने शाळेसाठी हात विसरावेत असे कोण म्हणतो?

मुलींबद्दल तर दुप्पट सांगावयाचे आहे. घरात नळ किती उंच आहे, चुलीचा धूर कुठे कोंडतो, आजारी माणसाची उशी कशी लावावी, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. माझ्या शेजारची एक मुलगी, सातवीतली. तिच्या नानीला वाचता येत नाही आणि गोळ्या सकाळच्या व रात्रीच्या वेगळ्या. नानीची रोज घालमेल. मुलीने एका डबीवर सूर्य काढला, एकीवर चंद्र. नानीला कोणाला विचारावे लागत नाही. त्या मुलीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. ते फसफसणाऱ्या ज्वालामुखीला मिळाले. परीक्षकांत मीही होतो. तेव्हा डबीची गोष्ट मला कळली नव्हती, तिने ती मांडलीच नव्हती. यात मांडण्यासारखे काय, असे तिला वाटले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते की दुसऱ्याच्या अडचणीवर उपाय काढावयाचा म्हणजे आधी मोठे व्हावे लागते. लुई ब्रेल फ्रान्समध्ये १८०९ साली जन्मला. तिसऱ्या वर्षी बापाच्या कातडी सामानाच्या दुकानात टोच्याने डोळा फुटला, मग दुसरीही दृष्टी गेली. त्याच्या शाळेत एका लष्करी अधिकाऱ्याने उठावाच्या ठिपक्यांची लिपी आणली होती. हेतू चांगला, पण एका चिन्हाला बारापर्यंत ठिपके. बोटाच्या टोकाखाली ते मावेनात. डोळस माणसाला ते कळणे कठीण होते. बोट ज्याचे त्यालाच कळले. लुईने बाराचे सहा केले आणि १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याची लिपी बहुतांशी तयार होती. आपल्या मराठी-उर्दूसह कितीतरी भाषांतली अंध मुले आज त्या सहा ठिपक्यांवर वाचतात.

तुम्ही लिपी शोधून काढा असे मी म्हणत नाही. सुट्टीत एक करा. घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एका माणसाजवळ अर्धा तास बसा आणि दिवसभरात सर्वांत त्रासाचे काम कोणते, हे त्याला विचारा. उपाय लगेच सांगू नका, आधी सगळे ऐकून घ्या. जे ऐकाल ते वहीत लिहा आणि जूनमध्ये आपल्या सरांना दाखवा. रस्त्यातला काटा उचलून बाजूला टाकणे हाही सदका, हे आपण मकतबात शिकलो आहोत. काटा दिसावयास मात्र खाली पाहावे लागते, आणि दुसऱ्याच्या पायातला काटा तर विचारल्याशिवाय दिसतच नाही.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. अपंग मुलांच्या हक्कांसाठी २०१६ साली कायदा झाला आहे आणि शाळांतून उतरंड हवी असे आता सर्वजण म्हणतात. उतरंड बांधावयास पैसा लागेल, वेळ लागेल. पण जूनमध्ये कोणता वर्ग कोणत्या खोलीत, हे ठरविण्यास पैसा लागत नाही. प्रवेशाच्या अर्जावर एक ओळ वाढवा: मुलास जिन्याचा, फळ्याचा किंवा ऐकण्याचा काही त्रास आहे काय? आणि ते अर्ज वाचल्यानंतर खोल्या वाटा, आधी नको. मुताऱ्या कुठे आहेत, तेही एकदा चालून पाहा.

माझा वेळ संपला, अध्यक्षमहाशय घड्याळ पाहात आहेत. एकच राहिले. मघाशी एक वृद्ध दादी आपल्या नातीचे बक्षीस पाहावयास आल्या. दाराशी चार पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. दहावीच्या दोन मुलांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून वर आणले. मी पाहिले, फार बरे वाटले. पण कार्यक्रम संपल्यावर दादींना उतरावयाचेही आहे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावयाचे आहे. बाहेर मांडववाल्याचे बांबू आणि सुंभ पडलेले आहेत. आभारप्रदर्शन चालू असता दोघांनी बाहेर जाऊन पायऱ्यांच्या कडेने एक बांबू घट्ट बांधून टाकावा. त्याआधी दादींना एवढे विचारा की त्यांना कोणत्या हाताने धरणे सोयीचे जाते.